इंजिनाचा काटा

इंजिनात काय चालले आहे याची खबर चालकापर्यंत दोन मार्गांनी पोहोचते, दिव्याने आणि काट्याने. दिव्याला दोनच अवस्था ठाऊक असतात. बंद असला की सगळे ठीक, पेटला की बिघडले. काटा यापेक्षा पुष्कळ सांगतो. पाणी किती तापले, कालच्यापेक्षा जास्त तापले का, चढावर वर गेलेला आकडा सपाटीला परत खाली आला का, हे काट्यावरून कळते. कंपनीच्या डॅशबोर्डवर जे काटे नाहीत, ते बाहेरून आणून बसवण्याला गॅरेजच्या बोलीत ‘मीटर लावणे’ म्हणतात. हौशी लोक हे काम दिसण्यासाठी करतात. नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडसारख्या गावात मात्र त्याला दुसरे आणि जास्त भक्कम कारण आहे.

काटे पूर्वी सगळ्याच गाड्यांना असत. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपच्या पत्र्याच्या डॅशबोर्डवर पाच गोल तबकड्या होत्या. वेग, इंधन, पाण्याचे तापमान, ऑइलचा दाब आणि बॅटरीतून जाणारा-येणारा प्रवाह असे त्यांचे काम वाटलेले होते. याच घराण्यातली जीप महिंद्राने 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुळवायला सुरुवात केली आणि पुढे तिची भावंडे विदर्भातल्या खेड्यापाड्यांत पोहोचली. काट्यांऐवजी दिवे लावण्याची चाल अमेरिकेत 1930च्या दशकात हडसन कंपनीच्या गाड्यांपासून सुरू झाली. दिवा स्वस्त पडतो, जागा कमी घेतो आणि चालकाला वाचायला शिकावे लागत नाही. हळूहळू ऑइलचा काटा गेला, मग प्रवाहाचा गेला. आज कित्येक छोट्या गाड्यांत पाण्याच्या तापमानाचाही काटा उरलेला नाही. इंजिन थंड असताना निळा आणि फार तापले की लाल, एवढाच दिवा असतो.

जिथे काटा शिल्लक आहे तिथेही तो पूर्वीसारखा राहिलेला नाही. अनेक नव्या गाड्यांत कंपनी तो मुद्दाम ‘शांत’ ठेवते. पाणी 75-80 अंशांवर गेले की काटा मधोमध येतो आणि साधारण 105 अंशांपर्यंत तिथेच थांबतो. त्यापुढे गेले की एकदम लाल पट्ट्याकडे झेपावतो. काटा जरा हलला की ग्राहक सर्व्हिस सेंटरला धाव घेतो, हे टाळण्यासाठी केलेली ही सोय आहे. तिच्यामुळे काटा असूनही तो दिव्यासारखाच वागतो. 88 आणि 103 या दोन आकड्यांत इंजिनाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे आणि नेमके तेच चालकापासून लपवले जाते.

उमरेड नागपूरच्या आग्नेयेला, राष्ट्रीय महामार्ग 353-डी वर आहे. हाच रस्ता पुढे भिवापूर, नागभीडकडे जातो. गावाभोवती वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उघड्या कोळसा खाणी आहेत, त्यामुळे रस्त्यावर कोळशाच्या टिपरांची वर्दळ असते आणि हवेत बारीक काळी धूळ. पूर्वेला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य पसरले आहे. 2012 मध्ये घोषित झालेले हे जंगल उन्हाळ्यात पर्यटकांनी गजबजते, कारण पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता तेव्हाच सर्वांत जास्त असते. मे महिन्यात नागपूर भागात पारा 45-46 अंशांवर जाणे नेहमीचेच आहे आणि 47च्या पुढच्या नोंदीही आहेत. उष्णता, धूळ आणि मंद वेग या तिन्ही गोष्टी इंजिनाच्या वाईटावर असतात आणि इथे त्या एकत्र येतात.

उष्णतेचे गणित साधे आहे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकील हे आतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. हिवाळ्यात पाणी 90 अंशांवर आणि हवा 20 अंशांवर असेल तर हा फरक 70 अंशांचा. तीच गाडी नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांतल्या, दुपारी 46 अंशांत उभी राहिली की फरक उरतो 44. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, तेच कूलंट आणि उष्णता टाकण्याची ताकद हिवाळ्याच्या जेमतेम 63 टक्के. एसी लावला असेल तर रेडिएटरच्या पुढ्यात बसलेला कंडेन्सर ती हवा आणखी तापवून आत पाठवतो. त्यात रेडिएटरच्या जाळीत कोळशाची धूळ, कापसाचे तंतू आणि किडे अडकले की हवेची वाट अरुंद होते. हे एका दिवसात घडत नाही. आठवड्याला अर्धा-एक अंश या चालीने तापमान वर सरकत जाते. दिव्याला ही चाल दिसत नाही, आकडे दाखवणाऱ्या काट्याला दिसते.

सफारीच्या गाड्यांची परीक्षा वेगळ्या प्रकारची असते. 1985 मध्ये बाजारात आलेली मारुती जिप्सी आता बनत नाही, पण जंगलात तिची सद्दी अजून संपलेली नाही. ताशी 15-20 किलोमीटरच्या वेगात समोरून हवा जवळजवळ मिळत नाही आणि सगळा भार पंख्यावर पडतो. वाघाच्या वाटेवर गाडी थांबवून इंजिन बंद केले की पाण्याचा पंप आणि पंखा दोन्ही थांबतात. धातूत साठलेली उष्णता मात्र पाण्यात उतरतच राहते. त्यामुळे इंजिन बंद झाल्यावर पुढची काही मिनिटे तापमान पाच-दहा अंशांनी वाढते. गाडी पुन्हा सुरू करताना काटा वर दिसतो आणि पाणी फिरू लागताच खाली उतरतो. हे नैसर्गिक आहे. दोन-तीन मिनिटांत तो उतरला नाही, तर चिंतेचे कारण.

बाहेरून लावायच्या काट्यांचे, म्हणजे गेजचे, प्रकार डझनभर मिळतात, पण साध्या वापराच्या गाडीला तीन पुरतात. पाण्याचे तापमान, ऑइलचा दाब आणि बॅटरीचे व्होल्टेज. बाकीचे त्यानंतर.

तापमानाचा आकडा समजून घ्यायचा तर थर्मोस्टॅटपासून सुरुवात करावी लागते. बहुतेक पेट्रोल गाड्यांत तो 82 ते 88 अंशांच्या दरम्यान उघडू लागतो, म्हणून धावत्या गाडीचे निरोगी तापमान साधारण 85 ते 95 असते. विजेचा पंखा 95 ते 100च्या आसपास सुरू होतो. 100 हा आकडा दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, कारण रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते. सुमारे 0.9 बारच्या झाकणाखाली साधे पाणीसुद्धा 118-119 अंशांपर्यंत उकळत नाही, निम्मे कूलंट असेल तर त्याहून वर. पण झाकणाचे रबर सैल झाले तर हे सगळे संरक्षण जाते आणि शंभराच्या आसपासच पाणी उसळते. 105च्या पुढे आकडा चढत राहिला तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण सोडून काचा उघडाव्यात आणि गाडी सावलीला घ्यावी. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये. दाब सुटताच आतले पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते. ॲल्युमिनियमचे हेड जास्त तापले की वाकते, हेड गॅस्केट उडते, मग पाणी ऑइलमध्ये आणि ऑइल पाण्यात. इंजिन उघडण्याच्या त्या खर्चापुढे तीन गेजची किंमत किरकोळ आहे.

तापमानाच्या काट्याची एक मर्यादा फार थोड्यांना माहीत असते. त्याचा सेंडर, ज्याला गॅरेजमध्ये सरसकट सेन्सर म्हणतात, पाण्यात बुडालेला असेपर्यंतच खरे सांगतो. होज फुटून पाणी वाहून गेले तर तो कोरडा पडतो. त्याच्याभोवती आता पाणी नसून हवा-वाफ असते आणि ती धातूइतकी उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचवत नाही. काटा चक्क खाली येतो. इंजिन जळत असताना डॅशबोर्डवर 70 अंश. म्हणून काटा अचानक, कारण नसताना खाली आला तर तो वर गेल्याइतकाच धोक्याचा इशारा मानावा. ज्यांना याहून खात्री हवी त्यांनी हेडच्या बोल्टखाली वॉशरसारखा बसणारा, धातूचेच तापमान मोजणारा सेंडर घ्यावा. पाणी असो वा नसो, तो खरे तेच सांगतो.

ऑइलचा दाब हा तिन्हींतला सर्वांत मोलाचा काटा आणि कंपनीच्या डॅशबोर्डवर सर्वांत दुर्मीळ. क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकून फिरत नसते, ती ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असते. तो थर दाबाने टिकतो. जुना ढोबळ नियम असा की दर हजार आरपीएमला सुमारे 10 पीएसआय दाब असावा. म्हणजे तीन हजारांवर तीस. थंड इंजिनात, ऑइल घट्ट असताना, 50-60 किंवा त्याहून जास्त दिसेल. पूर्ण तापल्यावर, गाडी न्यूट्रलमध्ये असताना, 10 ते 15 पर्यंत उतरेल. यात काही वावगे नाही. आता लाल दिव्याकडे पाहावे. त्याचा स्विच साधारण 0.3 ते 0.5 बारवर जुळतो, म्हणजे 4 ते 7 पीएसआयवर. महामार्गावर तीन हजार आरपीएमला दाब 10वर आला तर बेअरिंग घासू लागलेले असते आणि दिवा विझलेलाच राहतो. तो पेटेपर्यंत नुकसान झालेले असते. उमरेडच्या गॅरेजमधल्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीला हे सांगावे लागत नाही. ‘दिवा लागला तेव्हा इंजिन गेलंच होतं’ हे वाक्य त्यांच्या तोंडचे आहे.

एककांबाबत गोंधळ होतो. पीएसआय, बार आणि किलो प्रति चौरस सेंटिमीटर अशी तिन्ही मापे बाजारात आहेत. 1 बार म्हणजे सुमारे 14.5 पीएसआय, आणि बार व किलो हे व्यवहारात जवळजवळ एकच. कोळशाचे टिपर चालवणाऱ्यांना किलोचे माप अंगवळणी पडलेले असते, कारण त्यांच्या डॅशबोर्डवर एअर ब्रेकच्या हवेचा काटा असतोच आणि हवा भरल्याशिवाय ते गाडी हलवत नाहीत. काटा पाहून निघण्याची ही शिस्त मोटारीत उतरवायला हवी.

तिसरा काटा व्होल्टचा. बंद गाडीत चांगली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, इंजिन चालू झाल्यावर 13.8 ते 14.4. चालू गाडीत आकडा 13च्या खाली रेंगाळला तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासावा. 15च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरीचे पाणी उकळते आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर जातात, त्यामुळे हा काटा आपली किंमत वसूल करतो. अलीकडच्या काही गाड्यांत संगणक इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे आकडा साडेबारापासून पंधरापर्यंत हलताना दिसला तर तो दोष समजू नये. जुन्या जीपमध्ये या जागी अँमीटर, म्हणजे प्रवाहाचा काटा, असे. स्टार्टरचा सोडून गाडीचा सगळा प्रवाह त्यातून जाई, म्हणजे जाड, कायम जिवंत असलेली वायर डॅशबोर्डपर्यंत आणावी लागे. तिचा अर्थशी, म्हणजे गाडीच्या धातूच्या अंगाशी, स्पर्श झाला की आग. आज नव्याने अँमीटर बसवण्यात अर्थ नाही.

बूस्टचा, म्हणजे टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेच्या दाबाचा, गेज टर्बो डिझेलवाल्यांच्या कामाचा. होज फाटला किंवा टर्बो थकला की ताकद कमी होण्याआधी आकडा कमी होतो. व्हॅक्यूमचा गेज कार्ब्युरेटरच्या जुन्या पेट्रोल गाड्यांना उपयोगी. समुद्रकिनारी निरोगी इंजिन न्यूट्रलमध्ये पाऱ्याचे 17 ते 21 इंच दाखवते. उमरेड समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटरवर असल्याने इथे त्यातून एक इंच वजा करावा.

गेज आतून दोन जातींचे असतात. यांत्रिक गेजमध्ये ऑइल किंवा दाब थेट काट्यापर्यंत येतो. त्यातली वाकडी, पोकळ पितळी नळी दाब वाढला की सरळ होऊ पाहते आणि काटा फिरवते. फ्रान्सच्या यूजीन बुर्दाँने 1849 मध्ये तिचे पेटंट घेतले. नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात वाफेची इंजिने आहेत. अशा इंजिनांच्या बॉयलरचा दाब दाखवणारी तबकडी याच तत्त्वावर चालत आली. उमरेडवरून नागभीडला जाणारी छोटी गाडी नोव्हेंबर 2019 मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली, बुर्दाँची नळी मात्र अजून कारखान्यांत रोज काम करते. मोटारीत यांत्रिक गेजचा तोटा असा की गरम ऑइलची बारीक नळी केबिनमध्ये आणावी लागते. ती कातरली गेली तर ऑइल पायावर. यांत्रिक तापमान गेजची तांब्याची नळी तर कापताही येत नाही आणि जोडताही येत नाही, कारण तिच्यात भरलेला द्रव निसटला की गेज मेला. घरच्या गाडीला विजेचा गेज बरा. इंजिनावर सेंडर, केबिनमध्ये तबकडी आणि दोघांना जोडणारी एक वायर.

इथे खरेदीतली सर्वांत मोठी चूक होते. सेंडर आणि तबकडी ही जोडी असते. एका कंपनीचा सेंडर दुसरीच्या तबकडीला चालतोच असे नाही, कारण सेंडर तापमानाचे भाषांतर विजेच्या रोधात करतो आणि प्रत्येक घराण्याची भाषा वेगळी. प्रचलित युरोपीय जातीचा तापमान सेंडर 40 अंशांना सुमारे 290 ओहम दाखवतो, 90ला 51च्या आसपास, 100ला 38 आणि 120ला 22-23. त्याच घराण्यातला ऑइल सेंडर शून्य दाबाला 10 ओहम आणि पूर्ण दाबाला 180च्या जवळ जातो. अमेरिकी जातीत ही चाल उलटी, 240पासून 33पर्यंत. दुकानात सेंडर वेगळा मिळाला तर त्याची ओहमची कक्षा विचारल्याशिवाय घेऊ नये. भारतात डॅशबोर्डची उपकरणे बनवणारी प्रिकॉल ही कोइम्बतूरची कंपनी 1975 पासून या व्यवसायात आहे. परदेशी नावांच्या नकलाही बाजारात भरपूर आहेत. दोन्हींत निवड करताना तबकडीच्या चकाकीपेक्षा सेंडरसोबत त्याचा तक्ता मिळतो का, हे पाहावे.

तबकडीचा रूढ व्यास 52 मिलिमीटर, त्यापेक्षा मोठी 60ची. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे ठसठशीत आकडे आणि एकच जाड काटा, एवढे असले की वाचायला अर्धा सेकंद पुरतो. निळ्या-जांभळ्या दिव्यांच्या तबकड्या दुकानात खुलून दिसतात आणि दुपारी बारा वाजता उन्हात पुसट होतात. शर्यतीच्या गाड्यांतली एक युक्ती उचलण्याजोगी आहे. तबकड्या अशा फिरवून बसवायच्या की सगळे ठीक असताना सगळे काटे सरळ वर असतील. मग आकडे वाचायचीही गरज पडत नाही. कुठलाही काटा तिरका दिसला की नजर आपोआप तिथे जाते.

साधारण 2013 नंतरची मोटार असेल तर पैसे खर्च करण्याआधी स्टिअरिंगखाली हात घालून पाहावा. तिथे 16 पिनांचे ओबीडी सॉकेट, म्हणजे गाडीचा संगणक वाचण्याची जागा, असते. भारत स्टेज चारच्या नियमांनुसार एप्रिल 2013 पासून ओबीडी-2 ची सोय आली. त्यात बसणारे लहान यंत्र पाण्याचे तापमान मोबाइलवर किंवा छोट्या पडद्यावर अंशागणिक दाखवते. गाडीचा संगणक हे तापमान एका आकड्याने पाठवतो आणि त्यातून 40 वजा केले की खरे अंश मिळतात. 132 आला तर 92. हेच ते खरे तापमान, जे डॅशबोर्डवरचा शांत काटा लपवतो. बहुतेक गाड्यांत व्होल्टेजही इथेच मिळते. ऑइलचा दाब मात्र सहसा मिळत नाही, कारण गाडीतच दाब मोजणारा सेंडर नसतो, फक्त दिव्याचा स्विच असतो. अशा गाडीला बाहेरून एकच गेज लावायचा तर तो ऑइलचा लावावा. सॉकेटच्या एका पिनेवर बॅटरीची वीज कायम असते. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर यंत्र काढून ठेवावे.

आता बसवणे. सुरुवात बॅटरीची ऋण तार सोडण्यापासून, आणि इंजिन पूर्ण थंड असताना.

ऑइलचा सेंडर दिव्याच्या स्विचच्या जागी बसतो. अनेक मारुती इंजिनांत तो ऑइल फिल्टरच्या आसपास सापडतो. मूळ दिवा काढून टाकू नये. पितळी टी लावून एका तोंडाला जुना स्विच आणि दुसऱ्याला नवा सेंडर बसवावा. इथे आट्यांचा प्रश्न येतो आणि सर्वांत जास्त इंजिने इथेच बिघडवली जातात. जपानी घराण्याच्या गाड्यांत ब्रिटिश मापाचे निमुळते आटे असतात, इंचाला 28. अमेरिकी जातीचा सेंडर त्याच नावाचा, एक अष्टमांश इंचाचाच, पण त्याचे आटे इंचाला 27 आणि व्यास किंचित मोठा. तो हाताने एक-दोन फेरे बसतो, मग जड होतो. ‘घट्ट बसतोय’ असे वाटून पाना लावला की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच. ओळखण्याची रीत सोपी आहे. जुना स्विच आणि नवा सेंडर आट्याला आटा लावून उजेडासमोर धरावेत. दात एकमेकांत पूर्ण रुतले आणि मधून उजेड आला नाही तर माप एक. तीन-चार दातांनंतर फट उघडू लागली तर ॲडॉप्टर हवा. युरोपीय गाड्यांत बहुधा 10 मिलिमीटरचे समांतर आटे असतात, तिथेही ॲडॉप्टर लागतो.

ऑइलचा सेंडर डबीएवढा आणि वजनदार असतो. तो टी वर आडवा टांगला तर इंजिनाच्या कंपनाने पितळ मानेशी तडकते आणि ऑइल दाबाने बाहेर येते. खराब रस्त्यावर हे लवकर घडते. टी पासून छोटी मजबूत होज काढून सेंडर बॉडीच्या पत्र्याला क्लॅम्पने बसवणे हा खात्रीचा मार्ग. मात्र मग सेंडरला इंजिनाकडून अर्थ मिळत नाही, तो वेगळ्या वायरने द्यावा लागतो.

पाण्याचा सेंडर शक्यतो हेडमध्ये, थर्मोस्टॅटच्या आतल्या बाजूला बसवावा. तिथे मोकळे भोक नसेल तर वरची रेडिएटर होज कापून मध्ये ॲल्युमिनियमचा जोड बसवतात. हा सोपा उपाय आहे, पण त्याला दोन अटी. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट वरच्या होजच्या तोंडाशी असतो. तो उघडेपर्यंत तिथे गरम पाणी पोहोचतच नाही, आणि तो अडकला तर इंजिन तापत असताना काटा थंड दाखवतो. दुसरी अट अर्थची. जोडाच्या दोन्ही बाजूंना रबर असते आणि रबरातून वीज जात नाही. जोडाला वेगळी अर्थ वायर दिली नाही तर गेज चालणारच नाही. आट्यांना टेफ्लॉन टेपची वेटोळीच्या वेटोळी गुंडाळली तरी तोच परिणाम होतो, कारण सेंडरला अर्थ त्याच्या आट्यांतूनच मिळतो. टेप एक-दीड फेरा, पहिले दोन आटे मोकळे. त्यापेक्षा आट्यांना लावायचे पातळ सीलंट चांगले.

अर्थचा मुद्दा इतका महत्त्वाचा का, हे वरच्या ओहमच्या आकड्यांत दडलेले आहे. युरोपीय जातीच्या जोडीत गंजलेल्या अर्थमुळे वाटेत 13 ओहमचा जादा रोध आला असे समजा. पाणी 100 अंशांवर आहे, सेंडर 38 ओहम देतो आहे, पण तबकडीला पोहोचतात 51. ती 90 दाखवते. दहा अंश गायब. तोच गंज ऑइलच्या वायरीत आला तर ओहम वाढतात आणि तबकडी दाब खऱ्यापेक्षा जास्त दाखवते. वायर पूर्ण तुटली तर साध्या गेजमध्ये तापमानाचा काटा तळाला जातो आणि दाबाचा काटा टोकाला. या जातीचे दोन्ही काटे खोटे बोलले की चालकाला धीर देणारेच खोटे बोलतात. म्हणून अर्थची जागा पत्र्याचा रंग खरवडून, चकचकीत धातूवर, दातेरी वॉशर लावून घट्ट करावी आणि वरून ग्रीस लावावे. तबकडीचा अर्थ आणि इंजिनाचा अर्थ यांच्यामध्ये जाड पट्टी शाबूत आहे ना, हेही पाहावे.

वीज चावीनंतर जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून घ्यावी, स्वतःचा 2-3 अँपियरचा फ्यूज लावून. तबकडीच्या दिव्याची वायर पार्किंग लाइटला. इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याची धार काही महिन्यांत प्लास्टिक कापते. वायर एक्झॉस्टपासून हातभर दूर, जाळीदार नळीत. सांधे पिळून त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळण्याची पद्धत सर्रास दिसते. उन्हात टेपचा डिंक वितळतो आणि सांधा उघडा पडतो. क्रिम्प करावा किंवा डाख द्यावा, आणि वर आकसणारी नळी चढवावी.

तबकड्यांची जागा ठरवताना मे महिना डोळ्यांसमोर ठेवावा. बंद मोटारीचा डॅशबोर्ड उन्हात 70 अंशांच्या पुढे तापतो आणि दुहेरी टेपने चिकटवलेली तबकडी तिसऱ्या दिवशी मांडीवर येते. स्क्रूने धरलेली पट्टी लावावी. एअरबॅग जिथून फुटते त्या जागा, म्हणजे प्रवाशासमोरचा डॅशबोर्ड आणि पडदा-एअरबॅग असलेल्या गाडीत काचेशेजारचा खांब, पूर्णपणे वर्ज्य. वॉरंटीतली गाडी असेल तर मूळ वायरी कापू नयेत. कापलेली वायर दिसली की विजेच्या दोषाचा दावा नाकारायला कारण मिळते.

बसवून झाल्यावर गेज तपासल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. नागपूरकरांना याचा धडा 30 मे 2024 रोजी मिळाला. हवामान खात्याच्या नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने त्या दिवशी 56 अंश तापमान नोंदवले आणि दुसऱ्याने 54. देशभर बातमी झाली. इतर केंद्रे त्याच वेळी 44च्या आसपास दाखवत होती. खात्याने तपासणी केली तेव्हा सेन्सरचा दोष निघाला. शंका कशामुळे आली, तर शेजारी दुसरे मोजमाप होते म्हणून. मोटारीतही हाच न्याय लागतो.

तापमानाच्या सेंडरची परीक्षा स्वयंपाकघरात होते. बसवण्याआधीच सेंडर आणि तबकडी बॅटरीला जोडावी, सेंडरच्या अंगाला चिमट्याने ऋण तार द्यावी आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यात तो वायरीने सोडावा. बुडाला टेकू देऊ नये, बूड पाण्यापेक्षा तापलेले असते. 300 मीटर उंचीवर पाणी सुमारे 99 अंशांना उकळते. काटा 97 ते 101च्या दरम्यान थांबला तर जोडी चांगली. 85वर थांबला तर सेंडर तबकडीचा नाही. व्होल्टचा काटा मल्टिमीटरशी ताडून पाहावा. ऑइलच्या दाबासाठी गॅरेजमधला यांत्रिक गेज पाच मिनिटे जोडून दोन्ही आकडे शेजारी वाचावेत.

मग आपल्या गाडीचा स्वभाव शिकून घ्यावा. एका वहीत चार ओळी पुरेत. सकाळी सपाट रस्त्यावर किती, दुपारी एसी लावून किती, पुलाच्या चढावर किती, तापलेल्या इंजिनाचा न्यूट्रलमधला ऑइल दाब किती. तीच जागा, तीच वेळ आणि आकडा मागच्या महिन्यापेक्षा पाच-सहा अंश जास्त असेल तर आधी रेडिएटरची जाळी धुवावी, आतल्या बाजूने बाहेर, हलक्या दाबाने. उमरेडच्या धुळीत बहुधा तेवढ्यानेच काम होते. न्यूट्रलमधला ऑइल दाब महिन्यागणिक उतरत असेल तर ऑइल पातळ झाले आहे किंवा बेअरिंग ढिले, आणि दोन्ही बाबतींत अजून वेळ हातात आहे.

रोजची तपासणी दहा सेकंदांची. चावी फिरवावी, पण इंजिन लगेच सुरू करू नये. व्होल्टचा काटा साडेबाराच्या जवळ आला पाहिजे, तापमानाचा काटा थंड इंजिनात तळाशी आणि ऑइलचा काटा शून्यावर. इंजिन सुरू होताच दोन-तीन सेकंदांत ऑइल वर उडी मारते. ही उडी दिसली नाही तर इंजिन तत्काळ बंद करावे. आणि इंजिन बंद असतानाच ज्या गाडीचा ऑइलचा काटा शून्याच्या वर उभा आहे, तिने वायर आणि अर्थ तपासल्याशिवाय नागपूरचा रस्ता धरू नये.